आतल्या बाजूची झीज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला फोन केला तेव्हा विषय आधीच ठरला होता. 'तंत्रज्ञान आणि उद्याचं जग'. मी म्हटलं, उद्याच्या जगाबद्दल मला तुमच्याइतकंच कळतं. पण तुळिंज रोडवर फिरणाऱ्या एका पाण्याच्या टँकरचा डावा टायर का झिजत होता, हे मला पक्कं माहीत आहे. त्यावर बोलले तर चालेल का? पलीकडे जरा शांतता झाली. मग उत्तर आलं, "बोल, पण वीस मिनिटांत आटप." तेव्हा घड्याळ बघत बोलते.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्या पिढीत असे नमुने पुष्कळ आहेत, आज या हॉलमध्येच चार-पाच जण दिसतायत. वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसल्यावर घरचे लोक विसरून जातात की या मुलीने कधीतरी वर्कशॉपमध्ये कानस चालवली होती. माझा मोठा भाऊ तर पूर्ण विसरला होता. दादाचा धंदा पाण्याचा. एक ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन चाकांचा, ५,००० लिटरचा टँकर. पेल्हारच्या बाजूला भरायचा आणि तुळिंज, संतोष भुवन, आचोळे रोडच्या सोसायट्यांमध्ये रिकामा करायचा.

टँकर म्हणजे काय हे तुळिंजच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपण शाळेत होतो तेव्हा टँकरचा हॉर्न ऐकून निम्मा वर्ग खिडकीकडे बघायचा, कारण घरी हंडे लावायला कोणी आहे की नाही याची काळजी असायची. नंतर सूर्या धरणाचं पाणी आलं, २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. तरी एप्रिल-मे उजाडला की सोसायटीचा सेक्रेटरी टँकरवाल्याचा नंबर शोधतोच.

तर अडचण अशी होती. त्या टँकरचा उजवा टायर वर्षभर आरामात चालायचा आणि डावा चार महिन्यांत संपायचा. एका वर्षात डावीकडचा तिसरा टायर गेला. दादाने कारण शोधून ठेवलं होतं. कारण म्हणजे ड्रायव्हर. "खड्डे बघत नाही, कडेला घासत नेतो, मालकाच्या टायरचं त्याला काय!" असं म्हणून तिसऱ्या टायरचे पैसे दादाने त्याच्या पगारातून हप्त्याने कापायला सुरुवात केली होती.

हा ड्रायव्हर दादाकडे नऊ वर्षं आहे. आणि तो आपल्याच शाळेचा आहे. आठवीनंतर त्याची शाळा सुटली. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्याने तसं सांगितलं आहे. तो वाद घालणाऱ्यातला नाही. दिवाळीनंतर काम सोडायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं. मी गणपतीला माहेरी आले होते, तेव्हा ही गोष्ट मला वहिनीने सांगितली. "तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ तरी," म्हणाली.

बघायला गेले तेव्हा टँकर रिकामा उभा होता. समोरून बघितलं तर डाव्या टायरची नक्षी छान दिसत होती. बाहेरची कड चांगली, मधला भागही बरा. मग जमिनीवर पोतं टाकून टाकीखाली शिरले. आतल्या बाजूची कड पार गुळगुळीत झाली होती, आणि एका ठिकाणी रबराखालचे धागे दिसायला लागले होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला, पंपावर हवा भरणाऱ्याला, मालकाला, कुणालाच ते उभ्याने दिसलं नसतं. वाकल्याशिवाय दिसायची सोयच नव्हती.

इथे जरा थांबून या गोष्टीचं गांभीर्य सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५,००० लिटर म्हणजे पाच टन, शिवाय टाकीचं आणि चॅसीचं लोखंड. ट्रॅक्टरच्या हुकावर येणारा भार सोडला तरी एकेका टायरवर अडीच टनांच्या आसपास वजन येतं. आणि हे वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ साली घेतलं होतं. ते लोक विसरले, आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच विचार पुन्हा नव्याने केला. तेव्हापासून हिशोब तोच आहे, आपल्याला सरांनी शिकवलेला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. अडीच टन भागिले टायरमधली हवा केलं की उत्तर येतं साधारण फुलस्केप वहीच्या एका पानाएवढं. एवढ्याशा जागेवर ते चाक उभं असतं. त्या पानाच्या एका कडेला धागे निघाले असतील आणि शाळा सुटायच्या वेळी तुळिंज रोडवर तो टायर फुटला, तर पुढे काय होईल हे मी सांगत नाही. तिथली गर्दी तुम्ही रोज बघता.

आता मुख्य मुद्दा. झिजलेला टायर काढून नवा घालणं म्हणजे दुरुस्ती झाली असं आपल्याला वाटतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला समांतर सवय आहे. सर्व्हर बंद पडला, रीस्टार्ट करा. चालू होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडतो, पुन्हा रीस्टार्ट. कुणीतरी हात धरून म्हणावं लागतं, थांबा, आधी लॉग वाचूया. लॉग म्हणजे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद. टायरची झीज हा तसाच लॉग आहे. भंगारात टाकलेले पहिले दोन टायर म्हणजे न वाचता फाडून टाकलेली दोन पानं होती.

हा लॉग वाचायला अवघड नाही. तुमच्या घरच्या गाडीलाही तो लागू पडतो, म्हणून थोडक्यात सांगते.

टायर मधोमध जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे, फुगून मधलाच भाग टेकतोय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर चाक उड्या मारतंय. बॅलन्सिंग, ढिलं बेअरिंग किंवा मेलेला सस्पेन्शन, यांपैकी काहीतरी बघा. एकाच ठिकाणी सपाट चट्टा असेल तर ब्रेक लावल्यावर चाक अडकून घासलं आहे. आणि एकच कड झिजली असेल तर चाक वाकडं आहे. वाकडं दोन प्रकारे असू शकतं. एक, चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असतो. दुसरं, चाकाचं नाक, म्हणजे पुढची बाजू, सरळ रस्त्याकडे न बघता आत किंवा बाहेर वळलेली असते.

या दुसऱ्या प्रकाराची खूण डोळ्यांना कमी आणि हाताला जास्त कळते. टायरवरून तळहात आडवा फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा अडतो. या टायरवर आतून बाहेर हात नेला की गुळगुळीत आणि बाहेरून आत आणला की खरखरीत. याचा अर्थ चाकाचं नाक बाहेर वळलेलं असावं. टायर फिरवायच्या आधी एवढी काळजी मात्र घ्या, की धागे निघालेत तिथे हात घालू नका. तारा बोटात घुसतात.

'असावं' म्हणाले, 'आहे' म्हणाले नाही. कारण टायर संशय दाखवतो, सिद्ध करायला मोजावं लागतं. मग आम्ही मोजायला बसलो. हत्यारं काय होती? एक जॅक, पाच मीटरची टेप, खडू, दोरी, शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून आणलेला ओळंबा आणि फॅब्रिकेशनवाल्याकडचा मोठा गुण्या. मी, दादा आणि ड्रायव्हर असे तिघं. दादा पहिला अर्धा तास फक्त हात बांधून उभा होता.

आधी सोपी कारणं वगळली. दोन्ही टायरची हवा सारखी होती. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. पाटे शाबूत होते, यू-बोल्ट घट्ट होते.

पुढचा संशय असा, की अख्खा ॲक्सलच जागेवरून सरकून तिरका झाला असेल. इथे आपल्या भूमितीच्या बाईंची आठवण आली. बाई समोर बसल्यात, म्हणून सांगते. टँकरच्या हुकाच्या गोल कडीचा मध्य हा बिंदू 'अ'. ॲक्सलची दोन टोकं 'ब' आणि 'क'. ॲक्सल सरळ असेल तर अब आणि अक समान यायला हवेत, म्हणजे त्रिकोण समद्विभुज. टेप लावली. दोन्हीकडे तीन मीटरच्या थोडं वर, आणि दोहोंत फरक फक्त तीन मिलिमीटर. म्हणजे ॲक्सल जागेवर होता. तसंही दोन चाकांच्या टँकरला ॲक्सल तिरका असला तर टँकर रस्त्यावर जरा तिरका चालतो, पण टायर फारसे खात नाही. चाकं एकमेकांना समांतर असतील तर ती सुखाने फिरतात. भांडण होतं ते चाकं समांतर नसली की.

म्हणून मग समांतरपणा मोजला. दोन्ही चाकं आळीपाळीने उचलून हाताने फिरवली आणि टायरच्या मधोमध खडू टेकवून पूर्ण गोल रेघ मारली. चाकं खाली ठेवली, टँकर थोडा पुढे ढकलला म्हणजे टायर नीट बसतात. आता ॲक्सलच्या उंचीवर, दोन रेघांमधलं अंतर पुढच्या बाजूला मोजलं. १,५५२ मिलिमीटर. तेच मागच्या बाजूला मोजलं. १,५४० मिलिमीटर. आयत असायला हवा होता, तिथे समलंब चौकोन निघाला. १२ मिलिमीटरचा फरक. दादा म्हणाला, "एवढंसं? बोटाच्या रुंदीएवढंही नाही."

इथे हिशोब करून दाखवावा लागला. त्या टायरचा व्यास साधारण ९०० मिलिमीटर. बारा मिलिमीटरचं वाकडेपण दोन्ही चाकं वाटून घेतात, एकेकाच्या वाट्याला सहा. नऊशेला सहा, म्हणजे दीडशेला एक. म्हणजे टायर दीडशे मीटर पुढे जाताना एक मीटर आडवा घासला जातो. एका किलोमीटरला साडेसहा मीटरच्या वर. दिवसाला चाळीस किलोमीटर धरले तर रोज अडीचशे मीटरपेक्षा जास्त. समजा कुणी पाच टनांचा टँकर चाकं जाम करून नाल्याच्या पुलापासून आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत रोज आडवा ओढत नेला, तर कुठला टायर टिकेल? दादाने बांधलेले हात तेव्हा सोडले.

यात एक बारकावा आहे. वाकडं एकच चाक असलं तरी ओढाताण दोघांची होते. सरळ चाकालाही वाकड्याच्या वाट्याचं अर्धं घासावं लागतं. उजव्या टायरखाली शिरून बघितलं तर त्याचीही आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खाली गेलेली होती, फक्त कमी प्रमाणात. मग डावाच इतका जास्त का? ते ओळंब्याने सांगितलं. सपाट जागेवर ओळंबा सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. उजव्या चाकाला एक मिलिमीटरचा फरक, डाव्याला नऊ. डाव्या चाकाचा माथा आत झुकलेला होता. टाकी भरून पुन्हा मोजलं. उजव्याला चार, डाव्याला तेरा. भार आल्यावर ॲक्सल थोडा लवतो, ते स्वाभाविक आहे. पण डावं चाक रिकामं असतानाच झुकलेलं होतं. त्यात रस्त्याचा उतार बहुतेक डाव्या कडेला असतो, त्यामुळे वजनही तिकडे जास्त. तिन्ही गोष्टी एकाच कडेवर येऊन बसल्या होत्या.

शेवटची खात्री गुण्याने झाली. चौकोनी ॲक्सलला गुण्या लावला. उजवं चाक गुण्यात, डावं नाही. ॲक्सलचं डावं टोक, ज्यावर हब बसतो ते, मागे आणि वर वाकलं होतं. रोज कडेला घासून टोक असं वाकत नाही. त्याला एकच मोठा दणका लागतो, आणि तोही भरलेल्या टँकरला.

आता कळीचा प्रश्न. हा दणका कधी बसला?

ड्रायव्हरने शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. फेऱ्यांचा हिशोब ठेवायला तो ती वापरतो. कुठली सोसायटी, किती वाजता, किती फेऱ्या. मागच्या पावसाळ्यातलं एक पान त्याने उघडलं. रस्त्यावर पाणी भरलं होतं, नाला आणि रस्ता एकच दिसत होता. नालासोपाऱ्याच्या पावसाचं वेगळं वर्णन करत नाही, २०१८च्या जुलैत रुळांवर किती पाणी होतं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवशी भरलेल्या टँकरचं डावं चाक झाकण नसलेल्या गटारात गेलं होतं. दुसरा ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं. रिम वाकली होती ती बदलली, टायर फाटला होता तो बदलला. ॲक्सलकडे कुणी बघितलं नाही.

त्या तारखेच्या आधीच्या पानांवर टायर बदलल्याची नोंद वर्षातून एकदा. त्यानंतर दर चार महिन्यांनी. आणि सगळ्यात कमाल पुढेच होती. दुसरा टायर झिजायला लागला तेव्हा त्याने स्वतःहून उजवा टायर डावीकडे आणि डावा उजवीकडे लावून बघितला होता. तारीख घालून लिहिलं होतं. दोन महिन्यांनी नोंद होती, 'डावीकडे लावलेला झिजतो. उजवीकडे गेलेला थांबला.' याला विज्ञानाच्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान म्हणतात. दोष टायरमध्ये असता तर टायरबरोबर उजवीकडे गेला असता. दोष जागेवर राहिला, म्हणजे तो जागेचाच. माझ्या ऑफिसात लोक हेच करायला शिकतात, आणि त्यासाठी प्रशिक्षणाला जातात.

मी त्याला विचारलं, "हे दादाला सांगितलं नाहीस?" तो म्हणाला, "सांगितलं ताई. सरळ रस्त्यावरही डाव्या चाकातून खरखर येते, हेही सांगितलं. दोनदा." दादा काही बोलला नाही. त्याने डायरी मागून घेतली आणि उभ्या-उभ्याच मागची चार-पाच पानं वाचली.

आमचा सोपारा गाव जुना. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं. डायरीच्या पानांवर बॉलपेनने लिहिलेल्या नोंदीचीही किंमत तीच, फक्त ती वेळेवर कुणी वाचली पाहिजे.

पुढचं थोडक्यात सांगते. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की गॅसने तापवून टोक सरळ करून देतो. तो आम्ही घेतला नाही. भार घेणाऱ्या लोखंडाला असं तापवून वाकवलं की त्याची ताकद जाते, आणि मग ते वाकत नाही, तुटतं. कधी तुटेल ते सांगता येत नाही. नवा ॲक्सल घ्यायचा ठरला. दादा माफी वगैरे मागणाऱ्यातला नाही, तुम्ही त्याला ओळखता. पण ॲक्सल बघायला जाताना त्याने ड्रायव्हरला हाक मारली, "चल रे, कुठला घ्यायचा ते तूच बघ." कापलेले पैसे पुढच्या दोन पगारांत परत दिले. दिवाळीनंतर ड्रायव्हर कामावर आला.

नवा ॲक्सल बसवल्यावर पुन्हा खडूची रेघ मारली, पुन्हा टेप लावली. पुढे-मागे फरक एक मिलिमीटर. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही टायरची खोली तीन ठिकाणी मोजली जाते. आत, मध्ये, बाहेर. खोली मोजायची छोटी पट्टी कुठल्याही टायरच्या दुकानात मिळते. नसेल तर आगकाडीवर खूण करून चालते. आकडे त्याच डायरीत जातात. सहा महिने झाले, तिन्ही आकड्यांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडलेला नाही. आता त्या नोंदीखाली दादाही सही करतो.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे टेम्पो, रिक्षा, स्कूल व्हॅन आहे, त्यांनी महिन्यातून एकदा एवढं करा. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर नक्षी शाबूत असूनही दगा देतो. मोटारीच्या टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आणि वाकून आतली कड बघा. कपडे मळतील, हरकत नाही. ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे, त्यांनी आधी त्याला विचारा. चाकाचा आवाज तो रोज ऐकतो.

आता समितीकडे एक मागणी आहे, मग मी खाली बसते.

आज आपण इथे जमलो ते दहावीच्या निकालाच्या यादीवरून. समितीने फार मेहनत घेतली, एकेकाचा नंबर शोधला, दुबई आणि न्यू जर्सीपर्यंत फोन केले. पण ज्यांची नावं त्या यादीत कधी आलीच नाहीत, त्यांना फोन गेला नाही. आठवीत, नववीत ज्यांची शाळा सुटली ते. आपल्या प्रत्येक तुकडीत असे सात-आठ जण होते. ते आपल्या बाकावर बसायचे, आपल्याबरोबर डबा खायचे. ते कुठे लांब गेलेले नाहीत. त्यांच्यातले बरेच जण इथेच आहेत, तुळिंज रोडला, आचोळ्याला, हायवेला, आणि आपण त्यांच्याकडून पाणी, भाजी, रिक्षा घेतो. मी ड्रायव्हरला विचारलं, "मेळाव्याला येतोस का?" तो म्हणाला, "ताई, मी कुठे पास झालो?"

शाळेकडे जुने हजेरीपट आहेत, हे मी ऑफिसात विचारून आले. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी जे काम लागेल, नावं टाइप करायचं, नंबर शोधायचं, ते मी घेते. कॉम्प्युटरचं काम आहे, मला येतं. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. दोन नावं मला आत्ताच समोर दिसतायत, मान खाली घालू नका.

वीस मिनिटं झाली. बाई, त्रिकोण बरोबर होता ना?